गिनतीत बसलेली बाई

बाई मला पहिल्यांदा दिसल्या तेव्हा त्या माझी नक्कल करत होत्या.

मी फाटकातून आत शिरून बायकांच्या बरॅकीकडे निघाले होते. कमरेला किल्ल्यांचा जुडगा, अंगावर खाकी साडी, आणि खाकी साडी नेसली की अंगात आपोआप शिरते ती ऐट. मागे फाटकावरचे शिपाई खुसखुसायला लागले. वळून पाहते तर साठी उलटलेली एक काटकुळी बाई माझ्या मागोमाग, हुबेहूब माझ्यासारखी चालत येत होती. पांढरी सुती साडी आणि पायात शाळकरी पोरांसारखे पांढरे कॅनव्हासचे बूट. मी थांबले, ती थांबली. मी कमरेवर हात ठेवला, तिनंही ठेवला.

"काय लावलं हे?" मी गुरकावले.

"तू चालून राह्यली, मी वाचून राह्यली," ती म्हणाली. "दरवाज्यावानी चालतेस वं तू. आधी एक फळी, मंग दुसरी, अन् मधात कडी लावेल. डाव्या कमरेत ठणकते का नाही?"

ठणकत होतं. पण ते मी नवऱ्यालासुद्धा सांगितलं नव्हतं.

"जुडगा उजवीकडं बांधत जाय," असं म्हणून ती मला ओलांडून पुढे गेली. दोन दिवसांत ठणका गेला, आणि 'ती'च्या 'त्या' झाल्या.

हे आमच्या आदिलाबाद जिल्ह्यातल्या एका गावचं जेल. गावाचं नाव सांगत नाही, कारण माझी नोकरी अजून शिल्लक आहे. बायकांची बरॅक म्हणजे एक लांबट खोली, पुढे उंच भिंतीनं घेरलेलं अंगण, अंगणात एक कडुलिंब, आणि भिंतीपलीकडून आत डोकावणारा गुलमोहर. त्याला मात्र कोणी कधी हटकलं नाही.

बाई इचोड्याच्या एका किराणा दुकानदाराची मुलगी. जन्मभर सरकारी शाळेत पी.टी. शिकवली. निवृत्त झाल्यावर इतर बाया काशीला जातात, या पुण्याला गेल्या आणि नातीच्या वयाच्या पोरींच्या शेजारी बसून नाचातून, हालचालीतून माणूस बरं करायची विद्या शिकून आल्या. मग कैदी बायांना ती द्यावी म्हणून आमच्या सायबांपुढे येऊन उभ्या राहिल्या. तेव्हा मी दारातच होते.

"नाच?" सायब म्हणाले. "जेल में नाच? कल अखबार में फोटो छपेगा."

"नाच नाही, सायब. आता टेबलाखाली तुमी पायानं जे करून राह्यले ना, ते."

सायबांचा पाय थांबला.

"आता पाहा, तुमचं बोलणं अडन," बाई म्हणाल्या.

आणि खरंच, सायबांना पुढचं वाक्य सापडेना. त्यांनी एकदा छताकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे पाहिलं, शेवटी पुन्हा पाय हलवायला लागले तेव्हा कुठं आवाज फुटला. परवानगी मिळाली. पण अटी अशा, की घुंगरू नाहीत, काठी नाही, दोरी नाही, ओढणी नाही. बाईंनी सगळं कबूल केलं, अंगणात जाऊन गुलमोहराच्या वाळलेल्या, तलवारीसारख्या लांब शेंगा गोळा केल्या आणि हलवून पाहिल्या. आत बिया खुळखुळल्या. "झालं," म्हणाल्या, "बाजा आला."

त्यांचं एक वेड म्हणजे भेटेल त्याला 'विश्राम!' म्हणणं. नमस्काराच्या जागी. सायबांना विश्राम, बसच्या कंडक्टरला विश्राम, लिंबावरच्या कावळ्यालाही विश्राम. "तीस वर्षं पोरींले सावधान म्हणून म्हणून ताठ केलं," त्या सांगत, "त्याची भरपाई करून राह्यली." गंमत म्हणजे शब्द ऐकला की माणसाचे खांदे खरोखर दोन बोटं खाली येत. बसच्या कंडक्टरनं तर एकदा तिकीट द्यायचंच सोडून दिलं होतं.

रस्त्यानं चालतानाही त्या कोणाच्या ना कोणाच्या चालीत चालत. इचोड्याच्या एका धाब्यावर लंगडणाऱ्या ट्रक ड्रायव्हरच्या मागे लंगडत निघाल्या. क्लीनर ओरडला, ड्रायव्हर वळला. केवढा तरी सांड माणूस!

"क्या माताजी, मजाक उड़ा रही हो?"

"गुडघा नहीं है बेटा, एड़ी है," बाई तशाच लंगडत म्हणाल्या. "गुडघे को कायकू मालिश करता?"

दहा मिनिटांनी तो ड्रायव्हर धाब्याच्या खाटेवर पालथा पडला होता, बाई त्याच्या टाचेला अंगठा लावून बसल्या होत्या, आणि नागपूरकडे निघालेले सगळे ट्रक आपापली दुखणी घेऊन रांगेत उभे होते. हे मला खुद्द बाईंनी सांगितलं, त्यामुळे रांग थोडी आखूड करून घ्या.

बरॅकीत मात्र सुरुवातीला रांग लागली नाही. बाया भिंतीला पाठ लावून बसून राहायच्या. बाईंनी कोणाला उठ म्हटलं नाही. लिंबाखाली आडव्या झाल्या आणि जोरदार आळस दिला. "हाच आजचा धडा," म्हणाल्या.

राजव्वा सगळ्यांत वयस्क. गुडुंबा, म्हणजे हातभट्टीची, विकताना सापडून इतक्यांदा आत आलेली, की तिला जेल माहेरासारखं वाटे. ती म्हणाली, "अम्मा, झोपाले शिकवाले सरकारनं माणूस पाठवला का?"

"जेलात झोप होते वं, आळस होत नाही," बाई म्हणाल्या. "आळस द्याले दोन्ही हात लांब कराले लागते. शेवटी कधी केले होते?"

राजव्वानं विचार केला. मग दोन्ही हात असे फाकवले, की शेजारणीच्या नाकाला लागले. शेजारीण शिव्या देतादेता स्वतःच जांभई देऊन बसली. मग तिसरी, मग चौथी. आळस ही चीज अशी, की खाकी साडी पाहून थांबत नाही. मी दिला, दाराशी उभ्या हेड जमादारांनीही मिशीखाली लपवून दिला.

आता मुख्य गोष्ट. जेलात संध्याकाळी घंटा होते आणि गिनती होते. बायांनी जोडीजोडीनं, मान खाली घालून, उकिडवं बसायचं. हेड जमादार मागच्या बाजूनं येणार, हवेत काठीचे टिपके देत डोकी मोजणार. बायकांच्या अंगणात त्यांनी एकट्यानं यायचं नाही, म्हणून सोबत मी. आकडा जुळला की बाया आत आणि कुलूप.

त्या संध्याकाळी आकडा जुळला नाही. हेड जमादारांनी पुन्हा मोजलं. मी मोजलं. एक जास्त.

तुम्हाला कल्पना नाही, एक जास्त म्हणजे काय! एक कमी आली तर काय करायचं ते आम्हाला पाठ असतं. एक जास्त आली तर काय करायचं हे कोणी शिकवलेलं नसतं. हेड जमादारांचा चेहरा पिठासारखा पांढरा. शेवटी त्यांना जे येत होतं तेच त्यांनी केलं: पगली घंटी वाजवली. कैदी पळाला की वाजते ती. चारी बाजूंनी शिपाई धावले, सायब अर्ध्या दाढीला साबण लावून आले.

"कौन भागा?"

"कोई नहीं, सायब," हेड जमादार रडवेले होऊन म्हणाले. "कोई आया."

तेव्हा मागच्या ओळीतून पांढऱ्या पदराखालून एक हात वर आला. "विश्राम!"

शिक्षा झालेल्या आमच्या बायांची साडी पांढरी, बाईंचीही पांढरी. पदर डोक्यावरून घेऊन त्या निवांत बसल्या होत्या. फक्त कॅनव्हासचे बूट तेवढे बाहेर.

"बाईजी," सायब साबण पुसत म्हणाले, "लोग यहाँ से भागते हैं, आप घुस रही हैं?"

"बसून पाह्यल्याशिवाय कसं कळन, सायब? मले वाटे गुडघे दुखत असतीन. गुडघे नाही दुखत. मान दुखते. खाली घातली का मागून कोण येऊन राह्यलं ते दिसत नाही, म्हणून ती लाकूड होते."

दुसऱ्या दिवसापासून बाईंनी मानेपासून शिकवायला सुरुवात केली. आणि आणखी एक झालं. हेड जमादार गिनतीला मागून येताना आधी खोकायला लागले. त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. मी एकदा विचारलं, "खोकला झाला काय हो?" तर म्हणाले, "धूल बहुत है."

हळूहळू बाया उठल्या. रिंगण झालं. शेंगा खुळखुळायच्या, बाई मध्ये उभ्या राहून आज कोणाचा खांदा भांडून आलाय, कोणाची टाच रुसलीय ते सांगायच्या. तेलुगू बाया टाळीनं फिरायच्या, मराठी बाया झिम्म्याच्या पावलानं, कोलाम-गोंडांच्या बाया एकमेकींच्या कमरेत हात घालून. बाई कोणाला दुरुस्त करत नसत.

रिंगणाबाहेर राहायची ती एकटी गिरजा.

गिरजा हे तिचं खरं नाव नव्हे. सीमेवरच्या गावची, कापसाच्या शेतात राबलेली. दिराच्या डोक्यात वरवंटा घातला आणि तो मेला. का घातला, हे ती कोर्टातही बोलली नाही. उजव्या हातानं घातला होता. त्या दिवसापासून तो हात तिनं पदरात गुंडाळून पोटाशी धरला होता. जेवायची डाव्या हातानं, केस डाव्या हातानं विंचरायची. डॉक्टरांनी तपासलं, हाड ठीक, शीर ठीक.

तिच्याजवळ तिची पोर होती, चिंगी. आली तेव्हा कडेवर होती, आमच्या डोळ्यांदेखत चालायला लागली, बोलायला लागली, आणि सगळ्या बरॅकीवर हुकूम गाजवायला लागली. बाईंनी पहिल्याच दिवशी मला कोपरखळी मारली. "पाहून राह्यली का? पोर आईच्या डाव्याच अंगानं चालते. उजवीकडं आई संपली असंच समजते ते."

एकदा त्यांनी गिरजाला विचारलं, "हा हात कोणाचा वं?"

"माहा नाई."

"मंग?"

"त्या हातानंच केलं. त्याले इचारा."

बाई हसल्या नाहीत, समजूतही घातली नाही. त्या दिवशी त्यांनी स्वतःचा उजवा हात पदरात गुंडाळला आणि तशाच घरी निघाल्या. इचोड्याला बसमधून उतरताना तोल गेला तो थेट एका माळणीच्या वांग्यांच्या टोपलीत. "म्हातारे, पेऊन आली का?" माळीण ओरडली. दुसऱ्या दिवशी हनुवटी काळीनिळी, चेहऱ्यावर मात्र लॉटरी लागल्याचा आनंद.

"मी समजत होती का तिले हाताची लाज वाटते," त्या मला म्हणाल्या. "लाज नाही वं, भेव आहे. हात बांधला का आपण पडतो. हे पोरगी आपलं पडणं पत्करून बसली, दुसरं कोणी पडू नये म्हणून. तो हात नाचानं नाही निघाचा. दुसऱ्याले सावराचं काम पडलं तरच निघन."

"मग तसं काम द्या ना."

"मी नाही देऊ शकत. मी पडली तर ती फक्त पाहीन."

त्याच वर्षी आमच्याकडे वाटणी सुरू झाली. तेलंगण राज्य होऊन थोडे दिवस झाले होते, आता जिल्ह्याचे चार जिल्हे होणार, मुहूर्त दसऱ्याचा. कचेऱ्यांतले पंखे, कपाटं, माणसं, सगळ्यांच्या वाटण्या. हेड जमादारांच्या वाट्याला कोळशाच्या खाणींचं मंचेरियल आलं. "कोयले की धूल," ते म्हणत, "अब सच्ची में खाँसूंगा." ज्याच्या त्याच्या तोंडी एकच विषय, तू कुठं, मी कुठं. बाई तेवढ्या निवांत. "मी निजामाच्या हैद्राबादेत जन्मली असं बाप सांगे. मंग आंध्रात नांदली, तेलंगणात म्हातारी झाली. गल्ली तेच," म्हणत. "जिल्ह्याले विश्राम सांगा. खांदे पाडा."

पण एक वाटणी ऐकून त्यांचेही खांदे वर चढले. आमची बायकांची बरॅक बंद होणार होती. बाया दूरच्या मोठ्या जेलात जाणार. आणि चिंगीला सहा वर्षं पुरी होत होती. सहाच्या वरचं लेकरू आईजवळ ठेवता येत नाही. दसरा झाला की तिची मावशी येऊन तिला गावी नेणार. बरॅक इथंच राहिली असती तर मावशीला पोर घेऊन एका बसनं भेटीला येता आलं असतं. आता गिरजा कुठल्या कुठे, पोर कुठल्या कुठे. भेट कधी होईल ते कोणालाच सांगता येत नव्हतं.

गिरजानं ते ऐकलं. पदरातला हात तेवढा आणखी आवळून धरला.

दसऱ्याच्या आधी मोठी बतुकम्मा आली, तेलुगू बायांचा फुलांचा सण. तोच बाईंचा आमच्याकडचा शेवटचा दिवस. मी तरवडाची पिवळी फुलं आणि कुरडूचे तुरे पोत्यात भरून फाटकातून आत आणले. राजव्वानं त्यांचा थरावर थर रचून डौलदार ढीग केला. मराठी बाया म्हणाल्या, आमची भुलाबाई बी बसवा. मग फुलांच्या शेजारी अंगणातल्या मातीचीच भुलाबाई बसली. दोन्ही देवींनी एकमेकींकडे पाहून काय म्हटलं असेल ते असो, रिंगण एकच झालं. टाळ्या, शेंगांची खुळखुळ, धूळ. माझ्या चालीतल्या दोन्ही फळ्या सताड उघडल्या होत्या, एवढंच सांगते.

रिंगण मोडलं आणि फुगड्या सुरू झाल्या. चिंगीला फुगडीचं भारी वेड, आणि तिचं वजन झेपणारी जोडीदारीण म्हणजे मी. एक फुगडी झाल्यावर मला धाप लागली. चिंगी मला सोडून सरळ लिंबामागे बसलेल्या आईपुढे गेली आणि हातांची कैची करून उभी राहिली.

"आई, ऊठ. तू."

गिरजा उठली. डावा हात पुढे केला.

"दोनी!" चिंगी म्हणाली.

"एकच घे माय."

"एका हातानं फुगडी नाही होत. मी पडन ना!"

गिरजानं पोरीकडं पाहिलं. पदर हलला. आत काही वळवळावं तसा तो हलला, आणि बोटांची टोकं बाहेर आली. जन्मभर उन्हात राबलेल्या बाईची बोटं, पण वर्षानुवर्षं सावलीत ठेवल्यामुळे पांढुरकी पडलेली.

आणि गिनतीची घंटा झाली.

मी आयुष्यात त्या घंटेला एवढ्या शिव्या कधी दिल्या नाहीत. बाया सवयीनं जोडीजोडीनं बसायला लागल्या. पदर थांबला. गिरजा राजव्वाच्या जोडीतली. तिची जागा रिकामी, आणि ती तिकडे बघायला लागली. आता ती जाऊन बसली असती, मान खाली घातली असती, आणि मग मावशी, मोठं जेल, नवा जिल्हा. हात पदरातच गेला असता. मी बाईंकडे पाहिलं.

बाई माझ्याकडे पाहतच नव्हत्या. त्यांनी पायातले कॅनव्हासचे बूट काढले, लिंबाच्या बुडाशी नीट शेजारी शेजारी ठेवले, पदर डोक्यावरून ओढला आणि राजव्वाच्या शेजारी उकिडव्या बसल्या.

राजव्वा कुजबुजली, "काय केलं अम्मा तू? कशात आली?"

"गुडुंबा," बाई म्हणाल्या.

"छी! तुला नाय जमत. चव नसंल तुझ्या दारूले."

हेड जमादार दारात येऊन खोकले. मी त्यांच्यासोबत मागून निघाले, जुडगा मुठीत घट्ट धरून. काठीचे टिपके हवेत पडायला लागले. आमच्या मागे, लिंबाच्या पलीकडे, पावलांची हालचाल झाली. एक संथ फेरा. मग दुसरा. काठी राजव्वाच्या डोक्यावर आली, मग शेजारच्या पांढऱ्या पदरावर. तिथे ती थांबली. त्या पदराखालून पांढऱ्या बुटांशिवायचे, भेगाळलेले, म्हातारे पाय दिसत होते. हेड जमादारांनी ते पाहिले. लिंबाच्या बुडाशी ठेवलेले बूटही पाहिले. लिंबापलीकडे मात्र त्यांनी पाहिलं नाही.

काठीचा टिपका पडला.

"बराबर," ते म्हणाले.

मी श्वास सोडला. आता कुलूप लावायचं. पण ते हलले नाहीत. भिंतीकडे तोंड करून त्यांनी घसा साफ केला.

"फिर से गिनेंगे."

"बरोबर आली तरी?" मी विचारलं.

"नया जिला हो रहा है. पक्का करना पड़ता है."

आणि ते पुन्हा पहिल्या जोडीपासून सुरू झाले. इतक्या सावकाश, की एकेका डोक्यावर काठी जणू विसाव्याला बसत होती. मी मात्र वळले. मला आकडा पाठ होता, मोजायची गरज नव्हती. लिंबाच्या पलीकडे धूळ उठली होती. चिंगीच्या वेण्या आडव्या, मान मागे टाकलेली, पाय एका जागी, आणि तिचं सगळं वजन चार हातांच्या कैचीवर. गिरजाचा पदर सुटून मातीत लोळत होता. तिचं तोंड हसरं नव्हतं, दात आवळलेले होते. बोटं पोरीच्या मनगटात रुतली होती, दोन्ही हातांची, सारखीच. वेग वाढला. चिंगी किंचाळली, "आई, आणखीन जोरात!" हात सुटला नाही.

दुसऱ्यांदाही गिनती बरोबर आली.

मी परत ओळीकडे पाहिलं. सगळ्या माना खाली होत्या. बाईंचीही. मागून मला त्यांचा पदर सरकलेला, पांढऱ्या केसांचा एवढासा अंबाडा आणि खालची मान दिसत होती. आणि ती मान लाकूड झालेली नव्हती. मागून काय येतंय, ते त्यांना ऐकू येत होतं.